आत काय बोलतात?

मला चौकशा फार, हे आमच्या घरात सगळ्यांनी केव्हाच मान्य केलंय. सिडकोत घराच्या पुढच्या खोलीत माझं छोटंसं पार्लर आहे. बाई खुर्चीत बसली, मान मागे टाकली, की तिच्या घरातलं सगळं माझ्याकडे येतं. सासूचं, नवऱ्याचं, जावेच्या सोन्याचं. रडतातही बिचाऱ्या. आयब्रोज करताना डोळ्यांत पाणी येतंच, त्याच निमित्ताने बाकीचंही वाहून जातं. मी कापूस देते, पावडर लावते आणि वर सल्ला देते. आता धागा लागला की बाईला बोलता येत नाही, दोन्ही हातांनी स्वतःची कातडी ताणून धरायची असते. मग बोलायचं काम माझ्याकडेच येतं, आणि मी ते मनापासून करते.

म्हणून कंपनीच्या डॉक्टरांनी "ह्यांना काउन्सेलिंगला घेऊन जा" म्हटलं तेव्हा मला पहिला राग आला तो हाच. अहो, मी दिवसभर दुसरं करते काय? आणि घरच्याच माणसाला शहाणपण सांगायला परक्या बाईकडे न्यायचं? पण रागाच्या मागोमाग कुतूहलही जागं झालं. ती बाई असं काय करते, जे मला जमत नाही?

आमचे हे सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. कामगारांना नाशकातून न्यायचं आणि आणायचं. आधी बरीच वर्षं ट्रकवर होते. माणूस मनाने लोणी, पण तोंडाने मिरची. दुसऱ्याच्या गाडीत बसले की ह्यांच्या जिवाला चैन नाही. रिक्षावाल्याला गिअर शिकवतील, जीपवाल्याला टायर दाखवतील. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात फुलांनी सजवलेल्या गाडीच्या ड्रायव्हरशी भर वरातीत भांडले, तो हाफ क्लचवर गाडी चालवतो म्हणून! माझ्या स्कूटरवर मागे बसले तर विचारूच नका. "ब्रेक काय मारतेस? इंडिकेटर बंद कर. आरसा काय पावडर लावायला दिलाय का?" मी तणतणायची, "मग तुम्हीच चालवा ना!" की लगेच, "दे इकडे." आमचा निम्मा संसार ह्याच भांडणात झाला.

गेल्या हिवाळ्यात सकाळी सिन्नरच्या अलीकडे ह्यांच्या बसला अपघात झाला. त्याचं वर्णन मला तोंडपाठ आहे, कारण पोलिसांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना ह्यांनी ते एकाच शब्दांत सांगितलं. "सकाळच्या पाळीचे कामगार घेऊन मी माझ्या बाजूने मर्यादित वेगात जात असता समोरून चुकीच्या बाजूने एक मोटरसायकल आली. मी तात्काळ ब्रेक लावून वाहन थांबवले व खाली उतरून जखमीस मदत केली." तो माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत गेला. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. पोलीस म्हणाले, ड्रायव्हरची चूक नाही. कंपनी म्हणाली, चूक नाही. जो भेटायला आला तो चहा पिता पिता हेच म्हणून गेला. मी तर रोज सकाळ-संध्याकाळ गोळीसारखं देत होते. "तुमची काय चूक? नाही ना चूक? मग झालं तर!"

अपघातानंतर थोडे दिवस त्यांनी बस चालवली. मग एका सकाळी गेटवरच्या माणसाच्या हातात किल्ली दिली आणि वडापच्या, म्हणजे सीटमागे पैसे घेणाऱ्या, जीपने घरी आले. तेव्हापासून गॅलरीतली खुर्ची आणि हे. जेवायला वाढलं तर जेवायचं. झोप नाही. टीव्हीवर कुठे गाडीचा ब्रेक करकचला तरी उठून आत जायचे. कंपनीच्या साहेबांनी माणुसकी दाखवली, बरे व्हा मग या म्हणाले. पण बरं व्हायचं म्हणजे नक्की काय व्हायचं, ते कुणालाच सांगता येईना.

मला धसका बसला तो मात्र वेगळ्याच गोष्टीचा. मागच्या सीटवर बसून हा माणूस बोलेनासा झाला होता. गव्हाचं पोतं ठेवावं तसा बसायचा. एकदा मी मुंबई नाक्यावर मुद्दाम लाल सिग्नल तोडला. हो, चक्क मुद्दाम! शिट्टी वाजली, एक टेम्पोवाला माझ्या माहेरचा उद्धार करून गेला. मागून मात्र हूं नाही की चूं नाही. घरी येऊन मी मोरीत नळ सोडून रडले. बस चालवो न चालवो, मला माझा भांडखोर नवरा परत हवा होता. तो कुठे गेला आणि परत येणार की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

तर पहिल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मी, हे आणि सिन्नरकडच्या गावाहून खास आलेल्या आमच्या सासूबाई. आमच्याकडे पेशंट एकटा जात नाही. पेशंटला काय कळतं? सासूबाईंनी दृष्ट काढली होती, लिंबू उतरवलं होतं, आता डॉक्टरचंही बघू म्हणाल्या. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत ह्यांचे जुने-नवे सगळे रिपोर्ट आणि मणक्याचा एक्स-रे. दुसऱ्या पिशवीत डॉक्टरीणबाईसाठी मेथीच्या जुड्या. आणि सकाळपासून ह्यांना पाण्याचा घोट घेऊ दिला नव्हता. "रक्त द्यायचं आसंल, काई खाऊ नको," म्हणाल्या. मलाही ते पटलं होतं. मोठा दवाखाना म्हटलं की उपाशीपोटी जायचं, हे आम्हाला पाठ.

गंगापूर रोडला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट होता. ना औषधांचा वास, ना नर्स. बाहेरच्या खोलीत दोन बाकं, एक मनीप्लांट. आतून आली ती तिशीची मुलगी, सुती कुर्ता, केस वर बांधलेले. भुवया कधी कुणी हाताळलेल्या नाहीत. माझी बोटं शिवशिवायला लागली. आणि ही आमच्या ह्यांना बरं करणार? काय तरी बाई!

"माझ्याशी कोण बोलणार आहे?" तिनं विचारलं. आम्ही तिघंही उभे राहिलो.

तिनं तिघांनाही आत बसवलं. मी लगेच सुरू झाले. झोप अशी, भूक अशी, पोट साफ होत नाही, अपघात असा झाला, ह्यांची चूक नव्हती. तिनं मला मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर ह्यांच्याकडे वळली आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, तुम्ही इथे कशासाठी आलात?"

हे म्हणाले, "ह्या दोघींनी आणलं."

"बरं," ती म्हणाली. त्या उत्तरात काही चुकलंय असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

मग तिनं सगळं समजावून सांगितलं, अगदी हळू. ती गोळ्या देणारी डॉक्टर नाही. गोळ्यांची गरज वाटली तर तसं स्पष्ट सांगेल आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवेल. आठवड्यातून एकदा यायचं, तासभर बसायचं. काय करा न काय करू नका हे ती सांगणार नाही, ते शोधायला मदत करेल. आणि ह्या खोलीत जे बोललं जाईल ते इथेच राहील, घरच्यांनाही कळणार नाही. फक्त कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर गप्प बसता येणार नाही, आणि तेव्हाही आधी ह्यांना सांगूनच.

घरच्यांनाही नाही? मी सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी माझ्याकडे. आम्हा दोघींचं एकमत झालेलं तो बहुधा पहिलाच प्रसंग.

तिनं ह्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. सासूबाईंनी झटकन बाजूला सारला. "नगं, त्यो उपाशी हाय. रक्त काढायचं ना?"

ती हसली नाही, हे मी तिच्या बाजूने नोंदवते. मी असते तर फिसकन हसले असते. "आजी, इथे रक्त नाही काढत," ती म्हणाली. "त्यांना आधी काहीतरी खायला घाला. मी थांबते." मग आम्ही खाली टपरीवर गेलो. ह्यांनी पोहे खाल्ले, दोन वेळा. कितीतरी दिवसांत दुसऱ्यांदा मागून खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं. मग हे एकटेच आत गेले आणि दार लागलं.

आता दार लागलं म्हणजे मी कान लावणार, हे ओघाने आलंच. पण त्या पोरीने बंदोबस्त केलेला. दाराबाहेर स्टुलावर एक डबीएवढं यंत्र ठेवलेलं, त्यातून सारखा फुस्सऽऽ आवाज येत होता, शेजारी नळ वाहत असावा तसा. आतलं अक्षर ऐकू येईना! मी यंत्राकडे रागाने बघत बसले. सासूबाईंनी मेथी निवडायला घेतली.

"आत निस्तंच बसल्यात का काय?" त्यांनी विचारलं.

"देव जाणे."

घरी जाताना मी विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही."

"तुम्ही काय म्हणालात?"

"कसं झालं ते सांगितलं."

"ते तर पोलिसांनाही सांगितलंय."

"हो. तेच सांगितलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तासभर आत बसून हा माणूस पुन्हा तेच 'मर्यादित वेगात जात असता' म्हणून आला होता! नंतर कळलं की ह्यांना वाटत होतं, ही कंपनीने लावलेली चौकशी आहे. कंपनीच्या डॉक्टरांनी पाठवलंय म्हणजे हिचा कागद कंपनीत जाणार, आपण जबाब बदलला तर अडकणार. म्हणून पुढच्या वेळीही हे तोच जबाब देऊन आले. त्याच्या पुढच्या वेळीही. ड्रायव्हर माणूस, आयुष्यभर ज्याने ज्याने टेबलापलीकडून प्रश्न विचारला त्याने ह्यांना कशात तरी पकडायलाच विचारला. नुसतं ऐकायला कुणी विचारतं, हे ह्यांच्या डोक्यात कसं यावं?

तिनं काय केलं असेल? हे मला ह्यांनीच नंतर सांगितलं. तिनं तिन्ही वेळा तो जबाब पहिल्यांदा ऐकावा तसा ऐकला. मग म्हणाली, "हे तुम्ही पोलिसांना सांगितलेलं आहे. माझा कागद कुठे जात नाही. मला त्या सकाळी गारठा किती होता ते सांगा." हे म्हणाले, "गारठा?" ती म्हणाली, "हो. स्वेटर होता का अंगात?" आणि मग म्हणे हे स्वेटरबद्दलच बोलत बसले कितीतरी वेळ. कुठला स्वेटर, कुणी विणलेला. मीच विणलेला, आणखी कोण! पण एवढ्यासाठी तिथे जायचं? मला तर हा सगळा टाइमपास वाटला.

न राहवून मी एक दिवस तिला फोन केला. म्हटलं, "मॅडम, मला फक्त एवढंच सांगा, हे आत काय बोलतात?"

"ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला काही सांगायचं असेल तर मी ऐकते. पण तुम्ही फोन केला होता हे मी त्यांना सांगेन."

नवरा माझा, आणि चोरी मलाच! मी काहीतरी झणझणीत बोलणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "तुम्ही कशा आहात?"

अपघात झाल्यापासून सगळ्यांनी 'ते कसे आहेत' विचारलं होतं. मी म्हटलं, "गिऱ्हाईक आलंय हं," आणि फोन ठेवला. गिऱ्हाईक कुठलं, खुर्ची रिकामी होती.

मग हळूहळू विचित्र गोष्टी दिसायला लागल्या. एकदा मी भाजी घेऊन आले तर हे खाली पार्किंगमध्ये माझ्या उभ्या स्कूटरवर बसलेले. स्टँड लावलेला, इंजिन बंद, दोन्ही हात हँडलवर आणि कपाळावर घामाचे थेंब. सासूबाई वरून गॅलरीतून बघत होत्या, तोंडाला पदर लावून.

"काय करताय हे?" मी घाबरून विचारलं.

"मॅडमनी सांगितलंय. नुसतं बसायचं. छाती धडधडली तरी उतरायचं नाही. धडधड आपोआप उतरली की मगच उतरायचं."

"आणि उतरते?"

"उतरते," हे म्हणाले. त्यांनाच त्याचं नवल वाटत होतं. "रोज थोडी लवकर उतरते."

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की ह्या पोरीला काहीतरी येतंय. मी चार महिने 'घाबरू नका' सांगत होते. घाबरून बघा आणि थांबा, असं सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नसतं.

तरी एकदा तिच्यावर माझं डोकं फिरलंच. संध्याकाळी चहा घेताना हे सहज बोलावं तसं म्हणाले, "तिनं मला सरळ विचारलं. जीव द्यावासा वाटतो का म्हणून."

मी बशी खाली ठेवली. "असं विचारतात का? मनात नसलेलं मनात घालायचं? थांबा, बघतेच मी तिला!"

"मला बरं वाटलं," हे म्हणाले.

"काय?"

"कुणीतरी विचारलं म्हणून बरं वाटलं."

मी विचारलं, "मग? काय सांगितलंत?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"खरं ते सांगितलं. मधे वाटायचं कधीकधी. आता तसं नाही. पण तिनं माझ्याकडून ठरवून घेतलंय, पुन्हा वाटलं तर आधी तुला सांगायचं. आणि तू घरी नसलीस तर कुणाला, तेही ठरलंय. तुला हे सांगून ठेवायचं, असंही ठरलंय. म्हणून सांगतोय."

मी उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. चार महिने मी ह्या माणसाला जेवू घालत होते, समजावत होते, लिंबं उतरवू देत होते, आणि एवढा एक प्रश्न विचारायची मला हिंमत झाली नव्हती. त्या न कोरलेल्या भुवयांच्या पोरीनं तो विचारला. आम्ही दोघं चहा गार होईपर्यंत तसेच बसलो होतो.

पुढच्या आठवड्यात हे म्हणाले, "ह्या वेळी तू पण आत ये. मला तुझ्यासमोर एक सांगायचंय. मॅडमना चालणार आहे."

अखेर! ज्या दाराला मी एवढे दिवस शिव्या घालत होते त्याच्या आत मला जायला मिळालं. आत बघते तर काय, तीन खुर्च्या, एक टिपॉय, त्यावर कागदी रुमालांचा डबा आणि भिंतीवर घड्याळ. बस्स. एवढ्यावर ती बाई काम करत होती. माझ्या पार्लरला निदान आरसा तरी आहे.

तिनं मला सांगितलं, "आज ते बोलतील आणि तुम्ही ऐकायचं. त्यांची समजूत घालायची नाही. काही विचारावंसं वाटलं तर जरूर विचारा."

"समजूत नाही घालायची तर बायको कशाला असते मॅडम?"

"आजचा दिवस नका घालू," ती हसून म्हणाली. "मग घरी बघू."

हे खाली बघत बोलायला लागले. गारठा होता म्हणाले. मी विणलेला स्वेटर होता. कामगार डुलक्या काढत होते. मोटरसायकल आली, ब्रेक दाबला, आवाज झाला. हे सगळं मला माहीत होतं. आता 'खाली उतरून जखमीस मदत केली' येणार, म्हणून मी वाट बघत होते.

"मी खाली उतरलो," हे म्हणाले आणि थांबले. "उतरलो आणि आधी बंपर बघितला."

मला काही कळलं नाही.

"तो तिथे पडला होता. चार पावलांवर. आणि मी त्याच्याकडे नाही गेलो. मी आधी गाडीच्या पुढे जाऊन बंपर बघितला. हात फिरवून बघितला. मग त्याच्याकडे गेलो. हे मी कुणालाच सांगितलं नाही."

माझ्या तोंडात आलं होतं, अगदी जिभेच्या टोकावर. अहो, तुमची काय चूक, माणूस गोंधळतो, एवढ्यानं काय होतंय. सगळं तयार होतं. मी दोन्ही हातांनी खुर्चीची कड घट्ट धरली, माझ्या गिऱ्हाइकांनी कातडी धरावी तशी, आणि तोंड मिटून बसले. आयुष्यात एवढं कठीण काम मी केलं नव्हतं. पण समजूत घालायची नाही म्हटल्यावर माझ्याजवळ दुसरं उरलं तरी काय? माझी मूळची चौकशीच उरली. मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, म्हणून मी विचारलं, "मग? चेपला होता का?"

ह्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत असं बघितलं नव्हतं.

"नाही," हे म्हणाले. "ओरखडासुद्धा नव्हता. आणि मला बरं वाटलं गं. तो माणूस तिथे पडलेला, आणि गाडीला काही झालं नाही म्हणून मला क्षणभर बरं वाटलं."

आणि हे रडले. सासरे गेले तेव्हाही हे असे रडले नव्हते. मी त्यांचा हात धरला, पण बोलले नाही. ती पोरगीही बोलली नाही. 'चूक नव्हती' ह्या आमच्या सगळ्यांच्या बोलण्यात हे सांगायला जागाच कुठे होती? आम्ही ज्याची माफी देत होतो ते ह्यांना खुपतच नव्हतं. आणि जे खुपत होतं ते बाहेर यायच्या आत आम्ही दार लावून घेत होतो, चहा पिता पिता.

बऱ्याच वेळाने तिनं विचारलं, "एरवी बस थांबवून उतरलात की तुम्ही आधी काय करता?"

"गाडीभोवती फेरी मारतो. टायर, बंपर, काचा."

"कधीपासून?"

"ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, होतो तेव्हापासून. उस्तादानं मारून मारून शिकवलं. उतरलं की आधी गाडी बघायची." बोलता बोलता हे थांबले. आपलं बोलणं आपणच ऐकावं तसे.

तिनं पुढे काही म्हटलं नाही. म्हणून तुमचा दोष नाही, असं मी असते तर ठासून म्हटलं असतं. तिनं ते ह्यांच्याकडेच राहू दिलं. निघताना हे तिला म्हणाले, "त्याच्याकडे आधी जायला पाहिजे होतं." ती म्हणाली, "हो. तुम्हाला ते वाटतं, आणि त्याबद्दल आपण अजून बोलणार आहोत."

खाली येऊन मी स्कूटर काढली, हे मागे बसले. मला वाटलं होतं आता गडी एकदम मोकळा होईल. कसलं काय, पोतं ते पोतंच. त्र्यंबक नाक्यापर्यंत आम्ही दोघं गप्प. मग सिडकोच्या वळणावर, जिथे रस्त्याचं काम चाललंय आणि खडी पसरलीय, तिथे अचानक मागून आवाज आला.

"इंडिकेटर केव्हाचा चालूय. मागचा माणूस वेडा होईल."

मी आनंदाने हुरळले, का चिडले, देवाला ठाऊक. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "मग तुम्हीच चालवा ना!" आणि म्हणताना मी मागे वळून ह्यांचं तोंड बघायला गेले. झालं! पुढचं चाक खडीवर घसरलं. वेग नव्हताच, पण स्कूटर आडवी, मी एका बाजूला, हे एका बाजूला.

मला लागलं काही नाही, कोपर खरचटलं तेवढंच. पण मी उठायच्या आधी बघितलं. हे उठले. स्कूटर त्यांच्या अगदी पायाशी पडली होती, चाक अजून फिरत होतं, इंडिकेटर टकटक चालूच. आणि हे तिला ओलांडून सरळ माझ्याकडे आले. खाली बसले. माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, कोपर बघितलं, गुडघा बघितला.

"लागलं का गं? कुठे लागलं?"

"स्कूटर..." मी म्हटलं.

"मरू दे ती स्कूटर!"

बोलले आणि थबकले. आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं होतं. माझ्याही आलं. आम्ही दोघं त्या खडीत बसून एकमेकांकडे बघत होतो आणि लोक गाड्या हळू करून आमच्याकडे बघत होते. मग ह्यांचा आवाज चढला. "हँडल धरून मागे बघतं का कुणी? आं? लायसन कुणी दिलं तुला? खडी दिसत नाही? डोळे काय भुवया कोरायला ठेवलेत?" आणि मी भर रस्त्यात हसत होते, रडत होते, म्हणत होते, "बोला, अजून बोला."

हे अजून गंगापूर रोडला जातात, आता एकटेच. आत काय बोलतात ते मी विचारत नाही. म्हणजे विचारते, पण उत्तर नाही मिळालं तर चालवून घेते. स्कूटर चालवायला लागलेत. बसचं अजून ठरलेलं नाही. पार्लरमध्ये मी हल्ली धागा लावायच्या आधी बाईचं सगळं ऐकून घेते, मग तोंड उघडते. निदान तसा प्रयत्न तरी करते.

खडीत पडलो त्या दिवशी ह्यांनी स्कूटर उचलली, मला मागे बसवलं आणि हळूहळू घरी आणलं. गाडीचं काय झालं ते दोघांनीही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये मी बघितलं तर पुढचा मडगार्ड चांगलाच तडकला होता. हे रोज त्याच स्कूटरवर दूध आणायला जातात, आणि तो बदलायचं नाव आमच्यापैकी कुणीच काढत नाही.